परत पाठविलेल्यांचा देश
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्ञातीच्या मेळाव्यात अमेरिकेतील गुलामांची कथा कशास, असे कोणी विचारील. आम्ही तीस-पस्तीस वर्षे भूगोल शिकविला. नकाशावर बोट ठेवून ‘लायबेरिया, राजधानी मन्रोव्हिया’ एवढेच मुलांकडून घोकून घेतले. त्या नावांमागे काय दडले आहे, हे आम्हांसच निवृत्तीनंतर उमगले.

सन १८१६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन येथे अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी निघाली. मुक्त कृष्णवर्णीयांस आफ्रिकेत नेऊन वसवावे, हा तिचा उद्देश. तीत गुलामगिरीचा तिटकारा असलेले पाद्री होते, तसे स्वतः गुलाम बाळगणारे जमीनदारही होते. मुक्त माणूस दृष्टीआड झाला की आपले गुलाम शांत राहतील, हा या दुसऱ्यांचा हिशेब! ज्यांना पाठवावयाचे त्यांस मात्र कोणी विचारले नव्हते.

जानेवारी १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये सुमारे ३००० मुक्त कृष्णवर्णीय जमले. त्यांचे पुढारी जेम्स फोर्टेन यांचा कल जाण्याकडे होता. सभेने एकमुखाने नकार दिला. ही भूमी आमच्या पूर्वजांनी कसली, आणि बेड्यांत असलेल्या बांधवांस टाकून आम्ही जाणार नाही, असा त्या ठरावाचा आशय. फोर्टेन यांनी सभेचे मानले. पुढाऱ्याने सभेचे ऐकावे, हे आम्हांस तरी दुर्मिळ वाटते.

तरीही जहाजे निघालीच. १८२० साली ‘एलिझाबेथ’ जहाजाने गेलेल्या पहिल्या तुकडीतील कित्येकजण शेर्ब्रो बेटावर तापाने दगावले. १८२० पासून लायबेरियात गेलेल्या ४५७१ जणांपैकी १८४३ च्या शिरगणतीत अवघे १८१९ हयात आढळले. पणजोबांची भूमी पणतवंडांस मानवली नाही.

२६ जुलै १८४७ रोजी लायबेरिया स्वतंत्र झाला. व्हर्जिनियात जन्मलेले जोसेफ जेंकिन्स रॉबर्ट्स पहिले अध्यक्ष झाले. येथवरची कथा अभिमानाची. परंतु पुढचे सांगितल्यावाचून आम्हांस खाली बसवत नाही. अमेरिकेतून आलेली ही मूठभर घराणी मूळच्या रहिवाशांवर राज्य करू लागली. त्या रहिवाशांस १९०४ पर्यंत नागरिकत्व नव्हते. १९३० साली राष्ट्रसंघाच्या चौकशीत उघड झाले की, मूळच्या माणसांना सक्तीने मजुरीस धरून फर्नांडो पो बेटावर धाडण्यात येत असे, आणि त्यात सरकारी अधिकाऱ्यांचा हात होता. गुलामांच्या वंशजांनी हे करावे! अध्यक्ष किंग यांस त्याच वर्षी पद सोडावे लागले. घराण्यांची सत्ता मात्र सुटली नाही. ती सुटली १२ एप्रिल १९८० रोजी, जेव्हा सॅम्युएल डो या मूळच्या जमातीतील सार्जंटच्या शिपायांनी अध्यक्ष टॉल्बर्ट यांस मन्रोव्हियात ठार केले.