कँडीतली देवीची साथ आणि गोव्याचे संत जोसेफ वाझ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. चिटणीसबाईंनी एखाद्या सत्पुरुषाविषयी दहा मिनिटे बोलायला सांगितले, तेव्हा पुष्कळांना वाटले असेल की मी मुकुंदराज किंवा दासोपंत घेईन. त्यांच्याविषयी माझ्याहून जाणत्या बायका इथे बसल्या आहेत. मी आज गोव्याच्या एका ख्रिस्ती संताची हकीकत सांगणार आहे. धर्म वेगळा म्हणून कोणी नाक मुरडू नये, एवढी विनंती.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यात बाणावली या गावी झाला. वडील सांकवाळचे, बोली कोंकणी. म्हणजे हे शिवाजी महाराजांच्या काळातले. महाराज त्यांच्याहून एकवीस वर्षांनी मोठे. १६७६ साली ते पाद्री झाले. पुढल्या वर्षी त्यांनी कागदावर लिहून दिले की, मी मारियामातेचा जन्माचा दास आहे. आपल्याकडेही स्वतःला दास म्हणवून घेणारे संत थोडे नाहीत, तेव्हा ही रीत आपल्याला परकी वाटू नये.

त्या वेळी गोव्यात परदेशी पाद्र्यांचे मोठमोठे संघ होते. पण इथल्या माणसाला ते सहसा आपल्यात घेत नसत. काही देशी पाद्री जुन्या गोव्यात एकत्र राहू लागले होते. १६८५ साली जोसेफ वाझ त्यांना मिळाले, त्यांचे प्रमुख झाले, आणि रोमचे संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर त्यांनी या मंडळींना नेमधर्म घालून दिला. म्हणून त्या संघाचे संस्थापक त्यांनाच मानतात. आपल्याच माणसांनी चालवलेला हा पहिला संघ. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने तो मोडला, पण तोवर त्याने दीडशे वर्षे काम केले.

संघाचे प्रमुखपण हाती असताना हे गृहस्थ ते सोडून सिलोनला निघाले. तिथे डच लोकांचे राज्य आले होते आणि त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. १६८७ साली हे मजुराच्या वेषात, जॉन नावाचा एक मुलगा बरोबर घेऊन, जाफन्याला उतरले. उतरतात तोच हगवणीने अंथरूण धरले. चरित्रात असे सांगतात की एक बाई रोज त्यांना पेज आणून देई, तिच्यामुळे ते वाचले. त्या बाईचे नाव माझ्या वाचनात कुठे आले नाही. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागत हिंडत. ती माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख दिसते, त्यावरून आपली माणसे शोधत.

१६९२ साली ते कँडीला गेले. तिथला राजा बौद्ध. कोणी तरी कागाळी केली की हा पोर्तुगीजांचा हेर आहे, आणि राजाने त्यांना कैदेत टाकले. कैदेत ते सिंहली भाषा शिकले. पुढे एकदा अवर्षण पडले, त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस आला, असे सांगतात. बीड जिल्ह्यात ही गोष्ट सांगितली की सगळे कान टवकारतात! पण मला ती इतकी मोठी वाटत नाही. मला मोठी वाटते ती १६९७ सालची.

त्या साली कँडीत देवीची साथ आली. ज्याला फोड आले त्याला घरचेच लोक रानात नेऊन टाकू लागले. राजाही नगर सोडून गेला. जोसेफ वाझ आणि त्यांचे भाचे, तेही पाद्रीच, मात्र राहिले. आजाऱ्यांना त्यांनी छपराखाली आणले, त्यांच्या जखमा धुतल्या, पेज पाजली, मेलेल्यांना मूठमाती दिली. आजारी कोणत्या धर्माचा हे विचारले नाही. माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. ती सांगे, घरात देवी आली की शेजारचे लोक दारावरून जाईनात. १९७५ नंतर आपल्या देशातून ही देवी गेली, म्हणून आपल्या मुलींना तिची दहशत ठाऊक नाही. २०२० साली करोनात मात्र थोडी चव कळली.

साथ सरल्यावर राजाने त्यांना राज्यात मोकळेपणी हिंडण्याची परवानगी दिली. ते गोव्याला परत आलेच नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच वारले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोला पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केले.

हे सगळे आज सांगायचे कारण वेगळे आहे. दसरा झाला की आपल्याकडची किती घरे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ते तुम्ही जाणता. मागे राहते म्हातारे माणूस. गेल्या हिवाळ्यात आमच्या मागल्या आळीत एक म्हातारी तापाने चार दिवस पडून होती. शेळी ओरडत राहिली म्हणून शेजारणीला कळले. म्हातारीला औषध सरकारी दवाखान्यातून मिळाले; पण कण्या शिजवून भरवायला माणूस लागते, ते औषधाबरोबर मिळत नाही.

मंडळाने हळदीकुंकू, भजन, शिवणवर्ग पुष्कळ केले. त्यात आणखी एक काम घालावे, असे मला वाटते. अध्यक्षाबाईंच्या परवानगीने पानसुपारीच्या ताटाशेजारी एक वही ठेवली आहे. ज्यांना आठवड्यातून एक वेळ अशा घरी जाऊन यायला जमेल, त्यांनी नाव आणि वार लिहावा. सोमवार आणि गुरुवार मी लिहिले आहेत, बाकीचे पाच रिकामे आहेत.