गोवराची जुनी ओळख

क्षिप्रातीरीच्या उज्जयिनीत दर 12 वर्षांनी सिंहस्थाला लक्षावधी यात्रेकरू लोटतात. रोगी निघून गेल्यावरही हवेत 2 तासांपर्यंत टिकणाऱ्या गोवराला याहून सोयीचे स्थान कोणते? एकदा गोवर आला की पुन्हा भय नाही, हा आजीबाईंचा अनुभव बहुधा खरा, एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या प्रौढांनी मात्र त्यावर विसंबू नये. जुन्या रोगाची ओळख राखण्यास साहाय्य करणाऱ्या सीडी-4 पेशीच हा विषाणू नष्ट करतो. औषधांनी पेशी वाढतात, पण हरवलेली ओळख परततेच असे नाही. अशा दुर्बल रोग्याच्या अंगावर कधी पुरळही उठत नाही. गोवर थेट फुप्फुसांत उतरतो. लस आहे, पण ती जिवंत विषाणूची. रक्ताच्या घनमिलिमीटरमागे 200 हून कमी सीडी-4 पेशी असणाऱ्यास ती देत नाहीत. त्याचे संरक्षण शेजारच्या मुलांना वेळेवर टोचलेल्या लशीवरच अवलंबून असते.