नावाची चोरी आणि नावाचा धनी

चोरी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे फोडलेले कुलूप, उचकटलेली खिडकी किंवा रिकामी झालेली पेटी उभी राहते. चोरीला जाणाऱ्या वस्तूला आकार असतो, वजन असते. ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी न्यावी लागते. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अशी एक मालमत्ता उदयाला आली आहे की जिला आकार नाही, वजन नाही, जी कोणत्याही तिजोरीत ठेवता येत नाही, आणि तरीही जी चोरीला जाते. ती मालमत्ता म्हणजे इंटरनेटवरील नाव. व्यवहारात त्याला डोमेन नाव असे म्हणतात. हे नाव कोणाच्या मालकीचे, ते चोरीला गेले असे केव्हा म्हणावे, आणि त्याच्या धन्याचे रक्षण कोणी करावे, या प्रश्नांचा आज थोडा विचार करू.

इंटरनेटवरील संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसांना ते आकडे लक्षात ठेवणे कठीण, म्हणून आकड्यांच्या जागी नावे वापरण्याची एक पद्धत १९८३ साली तयार करण्यात आली. आपण नाव लिहितो आणि यंत्रणा त्या नावाचा आकडा शोधून आपल्याला इष्ट स्थळी पोचविते. या व्यवस्थेत एक गोष्ट विलक्षण आहे. एका शहरात 'गणेश भांडार' या नावाची दहा दुकाने असू शकतात आणि ती सुखाने नांदतात. इंटरनेटवर मात्र एका नावाचा धनी एकच. ज्याने ते प्रथम नोंदविले त्याचे ते. या एकमेवपणामुळेच साध्या शब्दाला मोल येते, आणि जेथे मोल आले तेथे चोर येणारच.

पण हे नाव असते कोठे? ते धन्याच्या घरी नसते आणि त्याच्या संगणकातही नसते. ते असते एका नोंदवहीत. नोंदणी करणारी संस्था ही नोंदवही सांभाळते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरजच नाही. जमीन जागच्या जागी असते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरचे नाव तेवढे बदलते, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस एका दिवसात परका ठरतो. म्हणूनच फेरफार मंजूर करण्यापूर्वी संबंधितांना नोटीस द्यावी, हरकतींसाठी मुदत द्यावी, आणि मगच नोंद प्रमाणित करावी, असा आपल्याकडील जमीन महसुलाचा दंडक आहे. डोमेन नावाच्या चोरीची सारी कथा या एका दंडकाभोवती फिरते. नोंद बदलण्यापूर्वी धन्याला विचारले होते काय?

या प्रश्नाचा कस लावणारा खटला अमेरिकेत घडला. १९९४ साली गॅरी क्रेमेन या गृहस्थाने 'सेक्स डॉट कॉम' हे नाव नोंदविले. शब्द संकोच उत्पन्न करणारा खरा. पण कायद्याला शब्दाच्या अर्थाशी कर्तव्य नव्हते, त्याच्या मालकीशी होते. नोंदणी करणारी संस्था होती नेटवर्क सोल्यूशन्स. त्या काळी नाव नोंदविण्यास पैसा पडत नसे. क्रेमेनने 'ऑनलाइन क्लासिफाइड्स' या आपल्या व्यवसायाच्या नावे ही नोंद केली आणि तो इतर उद्योगांत गुंतला.

१९९५ च्या ऑक्टोबरात त्या संस्थेकडे एक पत्र आले. ते क्रेमेनच्याच व्यवसायाकडून आल्याचा देखावा केलेला होता. क्रेमेनला कामावरून काढून टाकले आहे, हे नाव आता आम्हांला नको आहे, ते स्टीफन कोहेन या गृहस्थांच्या नावे करण्यास आमची हरकत नाही, असा त्यातील मजकूर होता. हा कोहेन वकिलाचे सोंग घेऊन लोकांना फसविल्याबद्दल शिक्षा भोगून नुकताच सुटलेला होता. पत्रात आणखी एक गमतीची गोष्ट होती. इंटरनेटवर जाहिराती छापण्याचा धंदा करणारी ही मंडळी लिहीत होती की, आमच्याकडे इंटरनेटची थेट जोडणी नाही, सबब आमच्या वतीने कोहेन यांनीच हे आपणास कळवावे! एवढ्या एका वाक्याने कोणाही कारकुनाच्या मनात शंका उत्पन्न व्हावयास हवी होती. परंतु संस्थेने क्रेमेनला दूरध्वनी केला नाही, दोन ओळींचे पत्र धाडले नाही. नोंद बदलली गेली. एका बनावट कागदाने लाखो डॉलर मिळवून देणारे नाव चोराच्या हाती पडले.

क्रेमेनने नाव परत मागितले तेव्हा आता काही करता येणार नाही, असे उत्तर मिळाले. तो न्यायालयात गेला. नोव्हेंबर २००० मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायाधीश जेम्स वेअर यांनी नाव त्याला परत देण्याचा हुकूम केला, आणि पुढच्या वर्षी कोहेनने ६ कोटी ५० लाख डॉलर द्यावेत असा निवाडा दिला; त्यांतील ४ कोटी भरपाईचे आणि २ कोटी ५० लाख दंडादाखल. निवाडा मिळाला, पैसा मात्र मिळाला नाही. कोहेनने धन परदेशी हलविले आणि स्वतः मेक्सिकोत आसरा घेतला. २००५ साली तो तेथे पकडला गेला. चोर सापडणे आणि चोरीचा माल वसूल होणे या दोन गोष्टी निराळ्या, हा जुना अनुभव येथेही आला.

मग क्रेमेनने दुसरे दार ठोठावले. ज्याने राखण करावयाची त्यानेच माल परक्याच्या हाती दिला, तर भरपाई त्याने का देऊ नये? खालच्या न्यायालयाला हे पटले नव्हते. हाती धरता येत नाही अशा वस्तूचा अपहार होऊ शकत नाही, असा जुना कायदा त्याने पुढे केला. नववे परिमंडळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वरिष्ठ न्यायालयाने जुलै २००३ मध्ये हा निर्णय फिरविला. न्यायमूर्ती अलेक्स कोझिन्स्की यांनी लिहिलेले ते निकालपत्र या विषयातील एक मैलाचा दगड होय.

त्यांची विचारसरणी साधी आणि म्हणूनच भक्कम आहे. मालमत्ता कशाला म्हणावे? ज्या हिताची मर्यादा नेमकी सांगता येते, ज्यावर एकट्याचा ताबा राहू शकतो, आणि ज्यावर आपला असा रास्त हक्क धनी सांगू शकतो, ती मालमत्ता. डोमेन नाव या तिन्ही कसोट्यांना उतरते. ते विकले जाते, विकत घेतले जाते, त्यात लोक भांडवल गुंतवितात. मग ते हातात धरता येत नाही एवढ्यासाठी त्याला कायद्याचे छत्र नाकारावे काय? नोंदणीसाठी क्रेमेनने पैसे मोजले नव्हते, म्हणून कराराचा भंग झाला हे त्याचे म्हणणे टिकले नाही. परंतु फुकट मिळालेली वस्तूही वस्तूच असते, आणि दुसऱ्याची वस्तू तिसऱ्याला देऊन टाकणाऱ्याला, त्याचा हेतू शुद्ध असला तरी, जबाबदार धरण्यात अन्याय नाही, असे न्यायालयाने ठरविले. नोंदवही सांभाळणाऱ्यांवर फार ओझे पडेल, या तक्रारीला उत्तरही होते: ओझे वाटत असेल तर शुल्क घ्या, पण खबरदारी घ्या. पुढे २००४ साली संस्थेने क्रेमेनशी तडजोड केली.

या निकालानंतर चोऱ्या थांबल्या असे नाही. त्यांची रीत बदलली. २००६ साली अमेरिकेत एकाने दुसऱ्याच्या ई-मेल खात्यात शिरून 'पी टू पी डॉट कॉम' हे नाव आपल्याकडे वळविले आणि लिलावाच्या स्थळावर ते सुमारे १ लाख ११ हजार डॉलरांना विकून टाकले. विकत घेणारा बास्केटबॉलचा एक व्यावसायिक खेळाडू होता. चोरीचा माल आपण घेत आहोत याची त्याला गंधवार्ताही नव्हती. म्हणजे एका चोरीत दोन माणसे बुडण्याचा प्रसंग आला: एक मूळ धनी आणि दुसरा प्रामाणिक खरेदीदार. चोराला २०११ साली पाच वर्षांची कैद झाली.

याहून सावकाश आणि सावधपणे केलेली चोरी २०२१ सालची. 'पर्ल' या संगणकभाषेचे 'पर्ल डॉट कॉम' हे नाव त्या वर्षीच्या जानेवारीच्या अखेरीस एकाएकी परक्याच्या ताब्यात गेल्याचे आढळले. शोध घेता दिसले की, फसवणुकीचे बीज सप्टेंबर २०२० मध्येच पेरलेले असावे. धन्याचा पत्ता वा संपर्क बदलला की काही काळ नाव दुसऱ्या संस्थेकडे हलवू द्यावयाचे नाही, असा साठ दिवसांचा नियम होता. चोराने तो नियम मोडला नाही; तो उलटून जाण्याची वाट पाहिली! जाणत्या मंडळींनी धावपळ केली म्हणून सुमारे आठवड्याभरात नाव परत आले. ज्याच्या पाठीशी असे जाणते मित्र नाहीत त्या सामान्य धन्याचे काय झाले असते, याची कल्पना करावी.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे गाजलेले वाद बहुधा चोरीचे नसून तोतयेगिरीचे आहेत, आणि हा भेद ध्यानात घेतला पाहिजे. चोर तुमचे नाव काढून घेतो. तोतया तुमच्या नावाच्या शेजारी, ओळखू येऊ नये इतके सारखे, दुसरे नाव थाटतो. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे 'रेडिफ' आणि 'रॅडिफ' यांचा वाद आला आणि न्यायालयाने 'रॅडिफ' वापरणाऱ्यास मनाई केली. २००४ साली 'सिफी' आणि 'सिफ्फी' यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, डोमेन नाव हा केवळ पत्ता नव्हे. त्यात व्यवसायाची पत साठविलेली असते, आणि त्या पतीचे रक्षण व्यापारचिन्हांच्या कायद्याने करता येते. 'डॉट इन' या नावांसाठी २००५ पासून लवादाची वाट आहे, आणि 'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी १९९९ पासून आंतरराष्ट्रीय धोरण आहे. मात्र या दोन्ही वाटा मुख्यतः तोतयासाठी आखलेल्या आहेत. अर्जदाराला आपल्या चिन्हाशी असलेले साम्य, समोरच्याचा हक्क नसणे आणि त्याचा दुष्ट हेतू दाखवून द्यावा लागतो. ज्याच्या नावाला व्यापारचिन्हाचे बळ नाही, त्याच्या हाती ही वाट अपुरी पडते.

चोरीच्या बाबतीत आपल्या कायद्यातही एक अर्थपूर्ण बदल झाला आहे. १८६० च्या दंडसंहितेत जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त, हाती धरता येणारी वस्तू अशी व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने त्यातील मूर्त हा शब्द गाळला. जमीन आणि जमिनीला जखडलेल्या वस्तू सोडून सर्व प्रकारची मालमत्ता आता त्या व्याख्येत येते. शिवाय दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचे शब्द वस्तुस्थितीच्या मागून चालत येतात. पण येतात, हे समाधान काही लहान नाही.

तरीही कायदा हा नाव गेल्यानंतरचा उपाय आहे. ते जाऊच नये यासाठी धन्याने काही पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य हे की, नोंद स्वतःच्या नावे आहे की नाही ते पाहावे. दुकानदार, शाळा, ग्रंथालय, सार्वजनिक मंडळ असे अनेक जण संकेतस्थळ तयार करण्याचे काम एखाद्या हुशार तरुणाकडे सोपवितात. तो सोयीसाठी नाव आपल्याच नावे नोंदवितो. पुढे काही बिनसले की संस्थेला कळते, आपल्या पाटीखालची जागा आपली नव्हेच! ही चोरी नव्हे, हा आपलाच गाफीलपणा. आणि त्याची किंमत मात्र चोरीइतकीच द्यावी लागते.

दुसरे पथ्य ई-मेलचे. नोंदणीशी जोडलेले ई-मेल खाते ही या मालमत्तेची किल्ली. सोडून गेलेल्या नोकराच्या नावचे किंवा वापरात नसलेले खाते तेथे ठेवणे म्हणजे किल्ली दाराबाहेर टांगणे होय. त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणीही असावी. तिसरे पथ्य, नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे नावाला कुलूप घालण्याची सोय असते. ती मागून घ्यावी. चौथे, मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे, आणि पैसे भरल्याच्या पावत्या, जुना पत्रव्यवहार जपून ठेवावा; धनीपण सिद्ध करण्याच्या वेळी हे कागदच साक्ष देतात. आणि नाव गेल्याचे कळताच क्षणाचाही विलंब न लावता नोंदणी संस्थेला आणि पोलिसांच्या सायबर शाखेला लेखी कळवावे. चोरलेले नाव एका हातातून दुसऱ्या हातात जसजसे फिरते, तसतसा त्याचा माग पुसट होत जातो.

२०१४ पासून 'डॉट भारत' या शेवटासह देवनागरीत नाव नोंदविता येते. मराठी माणूस आपल्या लिपीत आपली पाटी लावू शकतो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ऱ्हस्व-दीर्घाच्या एका फरकाने आपल्या लिपीत निराळे नाव तयार होते, याची जाणीव धन्याने ठेवलेली बरी. तोतयाला शुद्धलेखनाचे नियम आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असतात!

तात्पर्य, डोमेन नाव ही मालमत्ता आहे हे न्यायालयांनी मान्य केले. तिचे खरे रक्षण मात्र नोंदवहीच्या राखणदाराच्या एका कृतीवर अवलंबून आहे: नोंद बदलण्यापूर्वी त्याने धन्याला विचारले पाहिजे. पत्र पुढे येताच शिक्का मारणारा कारकून आणि पत्र पुढे येताच धन्याला हाक मारणारा कारकून, या दोघांमध्ये जे अंतर आहे, तेच अराजक आणि कायद्याचे राज्य यांमधील अंतर होय. आणि राखणदाराने हाक मारली तर ती ऐकू येईल अशा ठिकाणी धन्यानेही असले पाहिजे.