पाहुणे पंडित आणि गावची तिजोरी



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही विद्वान नाही. आमची शाळा सातवीला सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तिथे पगाराची चिठ्ठी हे आमचे पहिले पुस्तक आणि नगरपालिकेचे अंदाजपत्रक हे दुसरे. त्यामुळे आम्ही करपद्धतीवर बोलणार म्हटल्यावर चिटणीस क्षणभर थबकले. कामगार कार्यकर्त्याने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे, हे कराचे काय काढले, असे त्यांना वाटले असावे. वस्तुतः कर हा विषय कोणाचा असेल तर तो आमचाच आहे. पगारदाराचा कर पगार हातात पडण्याआधीच कापला जातो. आणि ज्याचा पगार त्या कराला पोहोचत नाही, तो साबणाच्या वडीवर आणि काडेपेटीवर कर भरून मोकळा होतो.

आरंभी आमचीच एक चूक सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल.

एका लहान शहरात सफाई कामगार आणि हमाल या दोघांचीही संघटना आमच्याकडे होती. गावाच्या वेशीवर जकात नाका होता. मालमोटारी नाक्यावर तासन्‌तास अडकत, हमालांचा दिवस फुकट जाई, आणि चिरीमिरीशिवाय दांडा वर होत नसे. हमालांनी सभेत ठराव आणला, जकात रद्द झाली पाहिजे. आम्ही तेव्हा ऐन तरुण. तो ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर करून घेतला. १९९९ साली राज्य सरकारने नगरपालिकांची जकात रद्द केली, तेव्हा आम्ही पेढे वाटले.

पुढच्या वर्षी पेढे कडू झाले. जकातीच्या बदल्यात अनुदान यायचे होते. ते कधी येई, कधी रखडे. सफाई कामगारांचा पगार लांबत लांबत पुढच्या महिन्यावर जाऊ लागला. मोर्चा नेला तर नगरपालिकेतले साहेब म्हणत, "वरून आले नाही, मी कुठून देऊ?" पूर्वी नाक्यावरची वसुली रोज तिजोरीत पडे, आणि तिजोरीत किती आहे हे कारकून आम्हांला खाजगीत सांगे. आता तिजोरी गावात होती, पण किल्ली मुंबईला गेली होती. एका सभेत एक सफाई कामगार बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, नाका काढा म्हणालात ते बरोबरच. पण नाक्याच्या जागी काय ठेवा म्हणालात?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही वाचू लागलो, आणि वाचता वाचता जपानला पोहोचलो.

महायुद्धात हरलेला जपान १९४९ साली अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होता. चलनवाढीने लोक हैराण होते. त्या वर्षी डेट्रॉइटचे एक बँकर, जोसेफ डॉज, सल्लागार म्हणून आले. अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी झालीच पाहिजे, असा त्यांचा हुकूम. तोंडमिळवणी कशी झाली? एकट्या सरकारी रेल्वेतून सुमारे ९५ हजार कामगार कमी करण्यात आले. आमच्यासारख्याला तो आकडा वाचताना दम लागतो.

त्याच वर्षी मे महिन्यात दुसरे पाहुणे आले, कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक कार्ल शूप. जनरल मॅकआर्थर यांच्या कचेरीने त्यांना बोलावले होते. बरोबर आणखी सहा जण. त्यांतले विल्यम विक्री यांना पुढे १९९६ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही मंडळी टोकियोत बसून राहिली नाहीत. देशभर फिरली, कर कचेऱ्यांत गेली, गावोगावच्या कारभाऱ्यांशी बोलली. सप्टेंबरात अहवाल बाहेर पडला.

त्या अहवालातल्या दोन गोष्टी आम्हांला मोलाच्या वाटतात. पहिली कराची. शूप यांनी सांगितले की, मुख्य भर उत्पन्नावरच्या सरळ करावर ठेवा. मालाच्या प्रत्येक खरेदी-विक्रीवर लागणारा उलाढाल कर काढून टाका. उत्पन्नावरचा कमाल दर ८५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर आणा, परंतु त्याच्या जोडीला मोठ्या मालमत्तेवर कर बसवा, म्हणजे श्रीमंताला एका दाराने दिलेली सूट दुसऱ्या दाराने वसूल होईल. आणि जो व्यापारी प्रामाणिकपणे वह्या लिहील त्याला निळ्या रंगाचे विवरणपत्र आणि काही सवलती द्या. ही निळ्या कागदाची पद्धत जपानात आजही चालू आहे.

दुसरी गोष्ट कारभाराची. शूप यांनी तीन नियम घालून दिले. कोणते काम कोणाचे हे स्वच्छ ठरवा, एका कामात तीन हात नकोत. जे काम ज्या पातळीवर नीट होईल तिथेच ते द्या. आणि जे काम गावाला किंवा शहराला झेपेल ते प्रथम त्यालाच द्या. परंतु काम दिले म्हणजे स्वराज्य दिले असे नव्हे. कामामागे पैसा हवा. म्हणून गावांना आणि शहरांना रहिवाशांवरचा कर आणि घर, जमीन, यंत्रसामग्री यांवरचा मालमत्ता कर त्यांचा स्वतःचा म्हणून दिला. त्यांच्या वरच्या प्रांतांना मूल्यवर्धित कर द्यायचे ठरले. गरीब गावाचे काय? त्याच्यासाठी समानीकरणाचे अनुदान. गावाची गरज किती, त्याचे स्वतःचे उत्पन्न किती, हे हिशेबाने काढायचे आणि तूट वरून भरायची. अनुदान मर्जीने नव्हे, मोजून.

बंधूंनो, आमच्या त्या सफाई कामगार बाईंच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. ते पन्नास वर्षे आधी छापून तयार होते, आणि आम्हांला ठाऊक नव्हते.

परंतु कथा इथे संपत नाही. पाहुणे परत गेले, १९५२ साली परकी ताबा संपला, आणि घरच्यांनी पाहुण्यांची मांडामांड बदलायला घेतली. मालमत्तेवरचा तो श्रीमंतांचा कर १९५३ साली रद्द झाला. रोखे विकून होणाऱ्या नफ्यावरचा करही त्याच वर्षी गेला. कमाल दर उतरवला तो सल्ला प्रथम मानला गेला, आणि त्याच्या जोडीचा सल्ला प्रथम मोडला गेला. मूल्यवर्धित कराचा कायदा १९५० साली झाला, पण अंमल पुढे पुढे ढकलत १९५४ साली तो एकही दिवस न चालता रद्द झाला. गंमत अशी की त्याच १९५४ साली फ्रान्सने मूल्यवर्धित कर सुरू केला, आणि पुढे तो जगभर पसरला. गरज मोजून द्यायचे अनुदानही त्याच वर्षी बदलले. त्याऐवजी केंद्राच्या उत्पन्न कर, कंपनी कर आणि मद्य कर यांतला ठराविक हिस्सा वाटायची पद्धत आली. कामांची वाटणी ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीच्या शिफारशी बहुतांशी कागदावरच राहिल्या. गावे कामे करीत राहिली, पण खर्चाच्या मानाने स्वतःचा पैसा थोडा. त्यावरून जपानी लोकांत 'तीन-दशांश स्वराज्य' असा शब्दप्रयोग रूढ झाला.

आणखी एक जपानी म्हण आमच्या लोकांना आवडेल: नऊ, सहा, चार. पगारदाराच्या दहा रुपयांतले नऊ कर खात्याला दिसतात, धंदेवाल्याचे सहा, आणि शेतकऱ्याचे चार. आकडे लोकांच्या तोंडचे आहेत. पण पगारदाराचे दुःख देश बदलला तरी तेच राहते, एवढे त्यातून कळते.

मग आमच्या घरी काय झाले? आमच्याकडेही एक पाहुणे आले होते. केंब्रिजचे निकोलस काल्डोर १९५६ च्या आरंभी भारतात आले आणि थोड्या महिन्यांत त्यांनी करसुधारणेचा अहवाल दिला. त्यांची मांडणी अशी: उत्पन्न, भांडवली नफा, संपत्ती, व्यक्तिगत खर्च आणि देणगी या पाचांवर कर असावा आणि सर्वांचे विवरणपत्र एकच असावे. एका रकान्यात लपवले तर दुसऱ्यात उघडे पडेल. मात्र उत्पन्नावरचा कमाल दर ४५ टक्क्यांच्या वर नको. म्हणजे दर कमी, पण जाळे घट्ट.

सरकारने १९५७ साली संपत्ती कर आणि खर्च कर बसवले, १९५८ साली देणगी कर. परंतु जाळ्याचे धागे सुटे सुटे घेतले. कमाल दराबाबतची सूचना मानली नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी तर तो दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला. एवढा दर कोण भरतो? जो लपवू शकत नाही तो. खर्च कर १९६२ साली गेला, १९६४ साली परत आला, १९६६ साली कायमचा गेला. देणगी कर १९९८ साली गेला आणि संपत्ती कर २०१५ च्या अंदाजपत्रकात.

हेच काल्डोर १९६१ साली घानाचे सल्लागार होते. तिथल्या अंदाजपत्रकात वर्षाला १२० पौंडांवर मिळवणाऱ्यांच्या पगारातून ५ टक्के सक्तीची बचत कापायचे ठरले. सप्टेंबरात सेकोंडी-टाकोराडीचे रेल्वे आणि बंदर कामगार संपावर गेले आणि १७ दिवस हटले नाहीत. सल्लागार गरिबांचे वैरी नव्हते. त्यांना देशाच्या विकासासाठी पैसा उभा करायचा होता. पण ज्याच्या पगारातून कापायचे त्याला आधी विश्वासात न घेता कापले, म्हणजे शास्त्र बरोबर असूनही संप होतो. हे आम्ही धमकी म्हणून सांगत नाही, अनुभव म्हणून सांगतो.

तेव्हा परका तज्ज्ञ नकोच, असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. जगाचा अनुभव फुकट मिळत असेल तर तो नाकारणे हा करंटेपणा आहे. १९६४ पासून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत यासाठी वेगळे खाते आहे. देशोदेशी त्यांचे तज्ज्ञ जातात. त्यांनी जरूर यावे. परंतु पाहुणा वाढतो तेवढे ताट पूर्ण जेवायचे असते. त्यातली गोड वाटी सावकाराने उचलायची आणि कारले कामगाराच्या पानात सरकवायचे, हा न्याय नव्हे. जपानात ते झाले, आमच्याकडेही झाले.

आणि विकेंद्रीकरणाचे म्हणाल, तर आमच्या राज्यात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. पुढे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी १८ विषयांची यादी दिली. कामांची यादी आली, पण शहरांच्या स्वतःच्या करांची यादी घटनेत आली नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईचीही जकात गेली. भरपाई मिळावी म्हणून वेगळा कायदा करावा लागला. नाके गेले याचे आम्हांला दुःख नाही. हमालाचा दिवस वाचला, ते चांगलेच झाले. पण भरपाई घेणारा हात आणि कर घेणारा हात यांत फरक आहे. एक मागतो, दुसरा हिशेब देतो. गावाने स्वतः कर घेतला, तर गावकरी विचारतात, आमच्या पैशाचे काय केले? वरून आले, तर विचारायचे कोणाला?

म्हणून यापुढे कोणताही पाहुणा, देशी असो वा परदेशी, करसुधारणा घेऊन आला तर आम्ही तीन प्रश्न विचारायचे ठरवले आहे. ही सुधारणा झाल्यावर पहिल्या तारखेला कोणाच्या खिशातून किती जाईल? जो कर काढाल त्याच्या जागी गावाला कोणता द्याल? आणि तुमच्या अहवालातले अर्धेच घेतले, तर ते अर्धे कोणाच्या सोयीचे असेल?

या तीन प्रश्नांना पदवी लागत नाही. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, यासाठी वाचावे लागते. घरपट्टी वाढली की मोर्चा काढणे सोपे. आम्ही ते पुष्कळ केले. परंतु मोठ्या इमारतींची आकारणी बरोबर झाली आहे काय, हे पाहायला नोंदवही उघडावी लागते. आता आमच्या संघटनेत दरवर्षी अंदाजपत्रक आले की सफाई कामगार रात्री एकत्र बसतात आणि ते पानोपान मोठ्याने वाचले जाते. पहिल्या वर्षी निम्मे झोपी गेले. हल्ली थोडे जागे राहतात.

त्या सभेत प्रश्न विचारणाऱ्या बाई आता निवृत्त झाल्या आहेत. मध्यंतरी भेटल्या तेव्हा आम्ही त्यांना शूपसाहेबांची सगळी हकीगत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "त्या साहेबाला कळलं होतं, तर मग झालं का नाही?" आम्ही म्हणालो, "बाई, त्याला कळलं होतं. पण तिथं कायम राहणाऱ्यांनी ते धरून ठेवायला हवं होतं."

पाहुणा जातो, आपण राहतो. धरून ठेवायचे काम आपले आहे.