यंत्र दिले, पण श्वास पोहोचला का?

(सहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



मी एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत काम करतो. आमची उपकरणे रुग्णालयांपर्यंत कशी पोहोचतील, याची आखणी करणे हे माझ्या गटाचे काम. शहरात ते मला चांगले जमते. डॉक्टरांना उपकरण पटवायचे, खरेदी समितीपुढे दरपत्रक ठेवायचे, हिशेब विभागाला खर्च समजावायचा. सही झाली की आम्ही म्हणतो, ‘काम झाले.’

काही वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या एका मिशन रुग्णालयाला माझ्या पुढाकाराने दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भेट दिले. हार घातले, फोटो काढले. दीड वर्षाने पुन्हा गेलो, तेव्हा एक यंत्र कोठीत चादरीखाली होते आणि दुसरे सारखा अलार्म देत होते.

सिस्टरांना कारण विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, वीज कमी-जास्त होते. फिल्टर धुळीने भरला. तान्ह्या बाळांच्या नळ्या संपल्या. फोन केला, तर इकडे इंजिनिअर येत नाही म्हणाले.” त्या पावसाळ्यात न्यूमोनिया झालेल्या एका बाळाला जीपने खाली न्यावे लागले होते. “बाळ वाचलं. पण दोन तासांचा तो रस्ता मी विसरले नाही.”

चूक माझी होती. हे यंत्र खोलीतली हवा घेते. तिच्यात ऑक्सिजन असतो सुमारे २१ टक्के. नायट्रोजन काढून टाकून ते रुग्णाला किमान ८२ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. पण वीज गेली की ते थांबते आणि फिल्टर तुंबला की शुद्धता घसरते. हे सारे मला ठाऊक होते. तरी ज्या सिस्टर रात्री ते यंत्र चालवणार, त्यांना मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

आम्ही मग स्टॅबिलायझर बसवला, जादा फिल्टर आणि बाळांच्या नळ्या दिल्या, वीज गेल्यावर वापरायला भरलेला सिलिंडर ठेवला. दोन सिस्टरांना फिल्टर धुण्याचे आणि ऑक्सिजनची शुद्धता मोजण्याचे शिक्षण दिले. आज दोन्ही यंत्रे वॉर्डात चालू आहेत.

आपणही दान देता, म्हणून विनंती करतो. यंत्र देण्याआधी चार गोष्टी विचारा: ते कोण चालवणार? वीज गेली तर काय? लागणारे सुटे सामान कुठून येणार? बिघडले तर कोण येणार? आणि देणगीचा काही भाग देखभालीसाठी राखून ठेवा. फिल्टरवर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, हे खरे. पण डोंगरातल्या बाळाचा श्वास त्याच्यावरच चालतो.