चाक थांबविण्याची विद्या



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली. तिला आता दीडशे वर्षे झाली. एरवी विद्वानांची असलेली ही जागा चिखलीकरांनी आमच्यासारख्या, अर्ध्यावर शाळा सोडून कामगारांच्या सभांतून शिकलेल्या माणसाला दिली, ह्याबद्दल आम्ही आभारी आहोत. विषय कोणता, असे संयोजकांनी विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, दळणाचे यंत्र बंद कसे करावे ह्यावर बोलू. ते हसले. बटण दाबले की यंत्र बंद; त्यात व्याख्यान ते काय देणार?

आम्हीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. वास्तविक यंत्रे बंद करणे हा आमचा धंदाच. संपाची हाक दिली की सारी चाके थांबावीत, ह्यासाठी आम्ही रात्री जागवल्या आहेत. परंतु साफसफाईसाठी, अडकलेली सुतळी काढण्यासाठी यंत्र रोज कसे थांबवावे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. ते ज्या दिवशी कळले, तो दिवस सांगतो. मालकाचे व गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही.

मसाले दळण्याच्या एका कारखान्यात यंत्रात पोत्याची चिंधी अडकली. चालक शहाणा होता. त्याने बटण दाबून यंत्र बंद केले, झाकण उघडले आणि हात घातला. तेवढ्यात त्याचा जोडीदार चहा पिऊन आला. यंत्र थांबलेले, पोती तशीच पडलेली. वेळ वाया जातो म्हणून त्याने बटण दाबले. उजव्या हाताची चार बोटे गेली.

दोघेही आमच्याच युनियनचे सभासद. आम्ही भरपाईसाठी भांडलो आणि ती मिळविली. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात हिशेब लिहिलेला होता : एका हाताची चार बोटे गेली तर कमाईची शक्ती 50 टक्के घटली असे समजावे, नुसता अंगठा गेला तर 30 टक्के. आम्ही तो हिशेब घरी जाऊन समजावून सांगितला. त्या चालकाच्या पत्नीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पैसे भेटले, भाऊ. पन ते बटन उद्या पुन्हा कोनी दाबलं तर?"

ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर, बटण कोणी दाबले हा विषयच आम्ही टाळला होता. दोन्ही आपलीच माणसे, उगाच वाकडे नको. मालकाविरुद्ध बोलायला धैर्य लागते हे आम्हाला माहीत होते. आपल्या सवयींविरुद्ध बोलायला त्याहून अधिक लागते, हे तेव्हा कळले.

उत्तर शोधताना आम्हाला घरातले जाते आठवले. येथे बसलेल्या वडीलधाऱ्या भगिनींनी पहाटे जाते ओढले असेल. खुंटा ज्या हाताने धरायचा, त्याच बाईने दुसऱ्या हाताने तोंडात घास टाकायचा. दोघी समोरासमोर बसल्या तरी एकीचा हात थांबला की दुसरीला तत्काळ कळते, कारण खुंटा एकच. फिरविणारे बळ आणि आत जाणारा हात एकमेकांना ओळखतात. जात्याने कोणाची बोटे तोडल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

कारखान्यात ही ओळख तुटली. बळ विजेचे, ते भिंतीवरच्या फळ्यात. हात माणसाचा, तो यंत्राच्या तोंडात. मध्ये वीस पावलांचे अंतर, गोंगाट आणि धूळ. तुटलेली ओळख पुन्हा जोडणे, एवढीच यंत्र निर्धोकपणे थांबविण्याची विद्या आहे.

ह्यात पहिली गोष्ट ही, की यंत्र बंद करणे, ते थांबणे आणि ते निर्धोक होणे ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वीज गेली म्हणजे यंत्र बंद झाले, असे मानणारे पुष्कळ आहेत. आपल्यातील शेतकऱ्यांना विहिरीवरच्या मोटारीचा 'ऑटो' ठाऊक आहे. रात्री केव्हातरी थ्री-फेज येते आणि मोटार आपोआप सुरू होते. तसलीच जोडणी दळणाच्या यंत्राला कोणी केली असेल आणि वीज गेलेली पाहून आपण हात घातला, तर काय होईल हे सांगायला नको.

बरे, वीज तोडली तरी बळ उरतेच. अजिंठ्याच्या डोंगररांगेतला काळा दगड फोडणारे खडीक्रशर आपण पाहिले असतील. जबड्यात दगड अडकला की बाजूची अवजड चाके ताणून उभी राहतात. कोणी पहार घालून दगड सैल केला, की ती चाके हिसका देतात आणि पहार उडते. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर ह्या भागांतील सिमेंट कारखान्यांत पोलादी गोळ्यांच्या प्रचंड चक्क्या वापरतात. तेथे वीज तोडल्यावर गोळ्यांचा ढीग एका अंगाला वर चढलेला असेल, तर ते आडवे पिंप पाळण्यासारखे मागेपुढे झुलते. ढीग तळाशी येऊन स्थिर होईपर्यंत आणि पिंपाला अडसर घालेपर्यंत दार उघडायचे नसते.

पारसच्या वीज केंद्रात 250 मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा केंद्रात कोळसा पिठासारखा दळून, गरम हवेने भट्टीत नेतात. चक्की एकाएकी थांबवली तर आत राहिलेला कोळसा धुमसतो, कधी पेटतो. म्हणून आधी गरम हवा तोडायची, थंड हवेवर चक्की निववायची, नवा कोळसा थांबवून आतला दळून संपवायचा आणि मग चाक थांबवायचे. लहान गिरणीतही क्रम हाच : आधी घास बंद, मग पोट रिकामे, मग चाक बंद.

त्यानंतरची रीत अशी. आसपासच्या सर्वांना सांगावे. बटणावर न थांबता मुख्य खटका पाडावा. त्या खटक्याला कुलूप घालावे आणि किल्ली, ज्याचा हात आत जाणार त्याच्या खिशात असावी. मुकादमाच्या टेबलावर नाही, मालकाच्या गल्ल्यातही नाही. तिघे काम करणार असतील तर तिघांची तीन कुलपे. चाक पूर्ण थांबल्याची खात्री करून त्याला अडसर द्यावा. मग चालू करण्याचे बटण एकदा दाबून पाहावे. यंत्र हलले नाही, तरच झाकण उघडावे. काम झाल्यावर माणसे आणि हत्यारे मोजावीत, झाकण लावावे आणि ज्याने त्याने आपले कुलूप स्वतः काढावे.

ही काही परदेशी चैन नव्हे. अमेरिकेत 1989 साली कुलपाचा सविस्तर नियम झाला हे खरे. परंतु आपल्या 1948 च्या कारखाने कायद्यात, 24 व्या कलमात, 1976 सालीच एक पोटकलम घातले गेले होते. जो खटका चुकून 'बंद'वरून 'चालू'वर सरकू शकतो, त्याला बंद स्थितीत कुलूप घालण्याची सोय असावी, असे ते सांगत होते. मात्र तो कायदा, वीज वापरणाऱ्या जागी, मुळात दहा कामगारांपासून पुढे लागू होता. 2020 साली संसदेने केलेल्या संहितेत हा आकडा वीस झाला. आपल्या तालुक्यांतल्या डाळगिरण्या, मिरचीचे डंके, पिठाच्या गिरण्या ह्यांत चार-पाच माणसे असतात. तेथे कारखाना-निरीक्षक येणार नाही. तेथे कुलूपच यायला हवे.

मालक म्हणतात, वेळ जातो. कामगार म्हणतात, आम्ही वीस वर्षे असेच करतो. पहिल्यांना आम्ही सांगतो, कुलपाची किंमत आणि चार बोटांची किंमत शेजारी शेजारी लिहा. दुसऱ्यांना सांगतो, तो चालकही तेच म्हणत होता.

1884 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात एक मागणी अशी होती, की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अधू झालेल्याच्या पोटाची सोय व्हावी. आमची चळवळ त्या मागणीवर वाढली. ती सोडण्याचा प्रश्नच नाही. पण तिच्या अगोदर आणखी एक मागणी लिहायला हवी होती, की मुळात अधू कोणी होऊ नये. ती आम्ही आता लिहितो. कुलूप आणि किल्ली मागतो आणि ते वापरण्याची शिस्त सभासदांकडून मागतो.

त्या दोघा जोडीदारांचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. बटण दाबणाऱ्याने ते काम सोडले. आता आमच्याबरोबर तो गिरण्यागिरण्यांतून हिंडतो आणि कुलूप कसे लावायचे ते दाखवितो. फार बोलत नाही. लोक त्याचे ऐकतात.

उद्या दळणाचा डबा घेऊन जाल तेव्हा गिरणीवाल्याला एवढेच विचारा : पट्टा बसविताना तुम्ही खटका पाडता का, आणि किल्ली कोणाच्या खिशात असते? आमच्या व्याख्यानाचा तेवढा उपयोग झाला, तरी पुष्कळ झाले.