नंगारा आणि मेणाची तबकडी

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला, रामनवमीच्या यात्रेत, ज्यांनी बंजाऱ्यांचा नंगारा, म्हणजे मोठं चर्मवाद्य, ऐकलाय त्यांना ठाऊक आहे, तो कानाआधी छातीला कळतो. संत सेवालाल महाराजांच्या या गावात 2024 साली बंजारा संग्रहालय उघडलं, त्याची इमारतसुद्धा नंगाऱ्याच्या आकाराची. पण ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या काळात हा नाद तबकडीवर उतरणं जवळजवळ अशक्य होतं. का, ते सांगतो.

एडिसनचा फोनोग्राफ 1877 चा, बर्लिनरचा ग्रामोफोन 1887 चा. आपल्याकडे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि 1902 च्या नोव्हेंबरात त्यानं गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा मुद्रणात मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. गायिकेनं भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला एक पातळ पडदा ताणलेला असे. खरं तर तोही एक इवलासा नंगाराच! आवाजानं पडदा थरथरला की त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर वळणदार चर कोरायची. मेणाच्या त्या तबकड्या बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथं त्यांवरून रेकॉर्डी छापून परत यायच्या.

आता या सुईसमोर नंगाऱ्यावर टिपरी पडली असती तर? मोठ्या ठोक्यानं सुई उसळायची आणि चर बिघडायचा. म्हणून जड चर्मवाद्यं लांब बसवत किंवा गाळूनच टाकत. शिवाय कर्ण्याला साधारण 250 ते 2500 हर्ट्झमधलेच स्वर नीट पकडता येत. नंगाऱ्याचा घुमारा त्याच्याही खालचा.

वेळेचं बंधन वेगळंच. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. नवरीला निरोप देताना बंजारा बायका गळ्यात पडून ढावलो गातात, तो हुंदक्यांसकट या मापात कसा बसावा? कंपन्यांचं गिऱ्हाईकही शहरातलं. बंजाऱ्यांच्या तांड्यापर्यंत कर्णा नेण्यात त्यांना काय रस असणार!

1925 मध्ये विजेचं मुद्रण आलं, मायक्रोफोन आला, खर्जाला जागा मिळाली. खेड्यापाड्यातल्या गाण्यांना मात्र बाजारात खरा शिरकाव मिळाला तो 1980 च्या दशकात, स्वस्त कॅसेटमुळे.

आणि आज? यात्रेत नंगारा मोबाईलवर टिपून घ्या आणि मोबाईलच्याच स्पीकरवर ऐका. सोबतच्या थाळीचा खणखणाट स्वच्छ येईल, पण नंगाऱ्याची नुसती टकटक. चांगला हेडफोन लावलात तर घुमारा थोडाफार परत मिळतो.